जनरेटर लोडवर घेतला की व्होल्टेज पडतंय, एव्हीआर नवा टाकूनही फरक नाही

द्राक्षमळा

मंडळी, नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमचं द्राक्षांचं छोटं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअरेज आहे. भावकीतल्या चार घरांनी मिळून उभं केलंय. ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. चार सिलिंडर, वॉटर कूल्ड, थ्री फेज, ब्रशलेस अल्टरनेटर (इंजिनाला जोडलेलं, वीज तयार करणारं यंत्र). मागचा हंगाम संपल्यावर जनरेटर जवळपास बंदच होता. आता माल सुरू व्हायच्या आधी चालवून बघितला तर हा प्रकार दिसतोय.

रिकामा चालतो तेव्हा पॅनेलवर ४१२ व्होल्ट. पहिला कॉम्प्रेसर घेतला की ३८० च्या आसपास. दुसरा घेतला की थेट ३४८. कॉन्टॅक्टर (मोटरी चालू-बंद करणारे स्विच) कडकड वाजतात आणि थोड्या वेळात अंडरव्होल्टेज रिले ट्रिप होतो. लोड काढला की परत ४१२, जणू काही झालंच नाही.

मेकॅनिकने एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) गेला म्हणून नवा टाकला. बाजारात मिळतो तो, मूळ कंपनीचा नाही. फरक शून्य. आता तो म्हणतो अल्टरनेटर उतरवा आणि रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला न्या. हंगाम तोंडावर आहे. तोडलेली द्राक्षं चार-सहा तासांत गार झाली नाहीत तर देठ तपकिरी पडतात आणि घेणारा तिथेच भाव पाडतो. लाइट जाणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. रिवाइंडिंगला द्यायच्या आधी घरी काय काय तपासता येईल? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.


टाँगटेस्टर

दादा, व्होल्टेज सांगितलंत, पण हर्ट्झ किती? ते कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच. तीन गोष्टी मोजून इथे टाका, रिकामं असताना आणि पूर्ण लोडवर:

हर्ट्झ. तिन्ही फेजमधलं व्होल्टेज, म्हणजे आर-वाय, वाय-बी, बी-आर. आणि हेच व्होल्टेज पॅनेलवर न मोजता अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये. पॅनेलवरचा मीटर जुना असेल तर त्यावर विसंबू नका, चांगल्या मल्टीमीटरने मोजा. टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजणारा मीटर) असेल तर ॲम्पिअरही लिहा.

चालू मशीनच्या टर्मिनलवर मोजणं हे सरावलेल्या वायरमनचंच काम आहे. हातमोजे घाला, पायाखाली रबरी मॅट ठेवा, एक माणूस इमर्जन्सी स्टॉपजवळ उभा करा.


इंजिनघर

रिडिंग येईपर्यंत एक विचारतो. लोड घेताना इंजिन काळं फेकतं का? आवाज बदलतो का? माझ्या अनुभवात "व्होल्टेज डाउन" म्हणून बोलावलेल्या कॉलपैकी कितीतरी इंजिनाचे निघतात. अल्टरनेटरला बाहेरून दिसतो तो फक्त वेग. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात. इंजिन दम टाकायला लागलं की एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. तो त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे.


द्राक्षमळा

वायरमन आणि पुतण्या दोघांनी मिळून मोजलं.

रिकामं: ५१.८ हर्ट्झ. आर-वाय ४१२, वाय-बी ४१३, बी-आर ४१२.
दोन्ही कॉम्प्रेसर आणि पंख्यांवर: ४५.६ हर्ट्झ. ३४८, ३५०, ३४९. प्रत्येक फेजला साधारण ५२ ॲम्पिअर.
टर्मिनल बॉक्समध्ये लोडवर ३५१.

धूर हो, काळा येतो, पहिल्यापेक्षा जास्त. आवाज जड होतो. एव्हीआरवर एक छोटा लाल दिवा आहे, तो लोड घेतल्यावर लागतो. मेकॅनिक म्हणाला तो दिवा म्हणजे एव्हीआर खराब.


इंजिनघर

मग बघा, पहिलं उत्तर मिळालं. तो दिवा एव्हीआर खराब झाल्याचा नाही. बहुतेक एव्हीआरमध्ये वेग कमी पडल्याची खूण म्हणून तो दिलेला असतो. ५० हर्ट्झच्या मशीनला साधारण ४७.५ च्या खाली गेलं की तो लागतो आणि एव्हीआर वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज कमी करायला लागतो.

साध्या मेकॅनिकल गव्हर्नरच्या (वेग राखणाऱ्या भागाच्या) इंजिनात रिकामं ५२ आणि पूर्ण लोडवर ५० हे बरोबर आहे, तेवढा उतार असतोच. तुमचं ५१.८ ठीक आहे, पण ४५.६ नाही. ६२.५ केव्हीएला ४१५ व्होल्टवर ८७ ॲम्पिअर येतात. तुम्ही ५२ घेताय, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यात इंजिन बसता कामा नये.

मशीन बरंच पडून होतं, म्हणजे आधी डिझेलकडे बघा. टाकीच्या तळाचं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. पाणी किंवा काळी शेवाळासारखी घाण दिसली तर टाकी धुवा. वॉटर सेपरेटरचा वाडगा रिकामा करा. दोन्ही डिझेल फिल्टर बदला. टाकी ते पंप पाइपचे सगळे बँजो (पाइपचे जोड) आणि वॉशर बघा. हवा खेचत असेल तर इंजिन लोडवर कापतं. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, घुशींनी बिळं केलीत का तेही बघा, बंद कॅनोपीत हे फार होतं. स्टॉप सोलेनॉइडचा (इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचा) दांडा पूर्ण सुटतोय का ते पाहा. तो अर्धवट अडकला तर पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) पुढे जातच नाही. हे सगळं झाल्यावरच ॲटमायझर (डिझेल फवारणारे नोझल) आणि पंपाकडे जायचं. पंपाचा सीलबंद स्क्रू कोणालाही हलवू देऊ नका.


मस्कत_मुक्काम

मी ओमानमध्ये भाड्याच्या जनरेटरवर काम करतो, त्यावरून एक इशारा देतो. कोणी तुमच्या एव्हीआरवर "यूएफआरओ" (कोणत्या हर्ट्झखाली व्होल्टेज कमी करायचं ते ठरवणारा) लिहिलेला स्क्रू फिरवून दिवा घालवून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. दिवा जातो, व्होल्टेजही वर येतं, गिऱ्हाईक खूश. पण वेग कमीच असतो. कमी वेगावर पूर्ण व्होल्टेज काढायचं म्हणजे एक्साइटरला (रोटर म्हणजे फिरणाऱ्या भागाला करंट पुरवणाऱ्या छोट्या जनित्राला) जास्त करंट द्यावा लागतो. त्यात एव्हीआर जळतो, नाहीतर एक्साइटर आणि रोटरची वाइंडिंग तापून काळी पडते. इथल्या उन्हात अशी मशीन संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. कॅनोपीत तापमान वाढलं की इंजिन आणि अल्टरनेटर दोन्हींची ताकद घटते. अल्टरनेटरचं पाटीवरचं रेटिंग साधारण ४० अंश हवेसाठी दिलेलं असतं, हे लोक विसरतात.


तांब्याची_तार

द्राक्षमळा भाऊ, मी रिवाइंडिंगचं वर्कशॉप चालवते. म्हणजे तुमचा अल्टरनेटर आला तर धंदा माझ्यासारख्यांचाच होतो, तरी सांगते, आत्ता उतरवू नका.

वरचे दादा इंजिनाबद्दल म्हणतात ते बरोबर आहे, ते आधी कराच. पण तुमच्या आकड्यांत आणखी काहीतरी दडलंय. हिशेब करून बघा. रिकामं ४१२. एव्हीआर ४७.५ हर्ट्झपासून व्होल्टेज प्रमाणात कमी करायला लागतो असं धरलं तर ४५.६ ला किती यायला हवं? ४१२ गुणिले ४५.६ भागिले ४७.५, म्हणजे ३९५ च्या आसपास. तुम्हाला मिळतात ३४८. मग उरलेले ४७ व्होल्ट कुठे गेले? काही एव्हीआर जरा जास्त उताराने खाली आणतात, हे मान्य. पण एवढी तफावत मला फक्त वेगाची वाटत नाही. पहिला कॉम्प्रेसर घेतल्यावरच ३८० झालेत, तेव्हा हर्ट्झ किती होते? ते ४८ च्या वर असतील तर नक्कीच दुसरा दोषही आहे.

चांगली गोष्ट ही की तुमचे तिन्ही फेज सारखे आहेत. मेन स्टेटरची (न फिरणाऱ्या भागाची) वाइंडिंग जळाली असती तर फेज वेगवेगळे दिसले असते, वास आला असता, बॉडी एका जागी तापली असती. तिन्ही सारखेच खाली येतात याचा अर्थ चुंबकच कमी पडतंय. म्हणजे रोटरला मिळणारा डीसी करंट कमी. त्या वाटेवर एव्हीआर, एक्साइटर, फिरते डायोड (एक्साइटरच्या एसीचं डीसी करणारे) आणि रोटर एवढीच चार ठाणी आहेत. केबलचाही दोष नाही, कारण टर्मिनलवर ३५१ आणि पॅनेलवर ३४८. तीन व्होल्ट काही फार नाहीत.


मंडपवाला

केबलवरून आठवलं म्हणून लिहितो, धागाकर्त्याशी थेट संबंध नाही. आमच्या लाइनमध्ये "जनरेटर व्होल्टेज देत नाही" या तक्रारींत केबलच जास्त सापडते. जनरेटर मंडपापासून लांब उभा, आणि ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर १०० मीटर लांब हॅलोजन. त्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ४.६ ओहम. जाऊन-येऊन २०० मीटरला ०.९२ ओहम. २० ॲम्पिअर घेतले की १८ व्होल्ट वायरमध्येच गेले. २३० चे २१२ होतात आणि लोक जनरेटरवाल्याशी भांडतात. ताई म्हणतात तसं, आधी टर्मिनलवर मोजायचं.


गच्चीवरून

माझाही प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आमच्या सोसायटीत काल जनरेटरवर असताना एका विंगमध्ये १७० व्होल्ट आणि दुसऱ्या विंगमध्ये २६० च्या वर. दोघांचे टीव्ही गेले. लिफ्ट मात्र व्यवस्थित चालली. एव्हीआर असेल का?


टाँगटेस्टर

गच्चीवरून साहेब, एव्हीआर नाही. आजच जनरेटरवरून फ्लॅटचा लोड बंद करा. न्यूट्रल सुटलाय किंवा सैल आहे. लिफ्टची मोटर थ्री फेज, तिला न्यूट्रल लागत नाही, म्हणून ती चालली. सिंगल फेजवाल्यांचा आधार गेला की ज्या फेजवर लोड जास्त तो खाली आणि हलका तो वर जातो. अल्टरनेटरच्या स्टार पॉइंटपासून (तिन्ही फेज जुळतात त्या न्यूट्रलच्या जागेपासून) चेंजओव्हरपर्यंत (लाइट आणि जनरेटर बदलणाऱ्या स्विचपर्यंत) न्यूट्रलचा प्रत्येक लग (केबलच्या टोकाचा जोड) उघडून बघा. चार पोलचा चेंजओव्हर असेल तर त्याचा चौथा काँटॅक्ट जळालाय का तेही. ॲल्युमिनियम केबलला तांब्याचा लग लावलेला दिसला तर तिथेच बघा आधी. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. लोकांच्या घरात २६० जातंय, हे उद्यावर ढकलू नका.


गच्चीवरून

लगेच बंद केलं. धन्यवाद.


द्राक्षमळा

आधी इंजिनाचं. टाकीच्या तळाला पेलाभर पाणी निघालं आणि खाली काळा चिकट गाळ होता. टाकी धुतली, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, एअर फिल्टर मातीने भरला होता तोही नवा घातला. एका बँजोचा वॉशर चपटा झाला होता. हवा काढून चालवलं. आता पूर्ण लोडवर ४९.८ हर्ट्झ. धूर जवळपास गेला, आवाज मोकळा झाला. लाल दिवा लागत नाही.

पण व्होल्टेज लोडवर ३६२. ताई, तुमचा हिशेब खरा ठरला. दुसरा दोष आहेच. आता सांगा पुढचं.


तांब्याची_तार

छान झालं. आता एव्हीआरमधून एक्साइटरकडे जाणाऱ्या दोन वायरी शोधा. कुठे एफ१, एफ२ लिहिलेलं असतं, कुठे एक्स आणि डबल एक्स. त्यांच्यामध्ये डीसी व्होल्ट मोजा, रिकामं आणि लोडवर. मल्टीमीटर डीसीवर ठेवायला विसरू नका. हा एकच आकडा पुष्कळ बोलतो. या आकाराच्या बऱ्याच ब्रशलेस मशीनला रिकामं असताना १० ते १२ व्होल्ट पुरतात, आणि पूर्ण लोडला ४० च्या आसपास.

हा आकडा कमी आणि आउटपुटही कमी असेल, तर एव्हीआर पुरेसं देत नाही. तेव्हा एव्हीआर, त्याचं सेन्सिंग (आउटपुट व्होल्टेज वाचणाऱ्या वायरी) किंवा त्याचा पुरवठा बघायचा. आकडा जास्त आणि आउटपुट तरी कमी असेल, तर एव्हीआर बिचारा ओढतोय आणि पुढेच कुठेतरी गळती आहे.


द्राक्षमळा

रिकामं २० व्होल्ट. पूर्ण लोडवर ५५, आणि तिथेच अडकतं, पुढे जात नाही.


तांब्याची_तार

म्हणजे एव्हीआर निर्दोष. १० ते १२ च्या जागी २० देतोय तेव्हा कुठे रिकामं ४१२ धरून ठेवलंय. लोडवर स्वतःची सगळी ताकद लावतोय, तरी पुरत नाही. रिकामं असताना सगळं ठाकठीक दिसलं ते याचमुळे, एव्हीआरने दोष झाकून ठेवला होता. बाजारातल्या काही एव्हीआरची वरची मर्यादा मूळच्या एव्हीआरपेक्षा कमी असते हेही आहे, पण मूळ रोग तो नाही.

आता खात्रीची परीक्षा. एव्हीआर बाजूला ठेवून बॅटरीने एक्साइट करायचं. नीट वाचा आणि याच क्रमाने करा.

इंजिन बंद. मेन ब्रेकर बंद, लोड काहीही नको. एव्हीआरच्या सगळ्या वायरी सोडवा, खुणा करून टेप लावा. एक्स आणि डबल एक्सच्या वायरींचा रोध मोजा. तुमच्या मशीनला साधारण २० ओहमच्या आसपास यावा, आणि बॉडीशी संबंध नसावा. मग ट्रॅक्टरची वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्या, जनरेटरची स्टार्टिंगची नको. मध्ये ५ ॲम्पिअरचा फ्यूज टाका. प्लस एक्सला, मायनस डबल एक्सला. करंट पाऊण ॲम्पिअरच्या आतच असतो, पण वायर काढताना ठिणगी येते म्हणून जोडणं आणि सोडणं इंजिन बंद असतानाच करा. आता इंजिन चालवून तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. हर्ट्झ ५० च्या आसपास हवेत.

निरोगी मशीन १२ व्होल्टवर रेटेड व्होल्टेजच्या दहा टक्के मागेपुढे आउटपुट देतं, बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत हेच दिलेलं असतं. तिन्ही फेज समान आणि पुरेसे आले तर वाइंडिंग, डायोड सगळं चांगलं, दोष एव्हीआरकडे. समान पण कमी आले तर डायोड, एक्साइटर किंवा रोटर. असमान आले तर मात्र मेन स्टेटर, आणि मग आणा माझ्याकडे.


मस्कत_मुक्काम

ताईंनी फार नेमकं सांगितलंय. एक भर घालतो. मोठ्या मशीनवर मागे पीएमजी असतो, म्हणजे एव्हीआरला वीज पुरवणारा छोटा कायमचुंबकी जनित्र. तिथे पीएमजीचे व्होल्टही मोजावे लागतात. ६२.५ मध्ये बहुधा नसतो, एव्हीआरची वीज मेन स्टेटरमधूनच घेतलेली असते. म्हणूनच तुमच्या मशीनचं दुष्टचक्र होतं. आउटपुट पडलं की एव्हीआरचा पुरवठाही पडतो, आणि तो आणखी कमी देतो.


द्राक्षमळा

बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवत होती. एक्साइटरचा रोध १९.६ ओहम, बॉडीशी काही नाही. ५१.५ हर्ट्झला ३१७, ३१९, ३१८.


तांब्याची_तार

समान आणि कमी. डायोड. मी पैजेवर सांगत नाही, उघडून बघा.

स्टार्टिंग बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा, म्हणजे कोणी चुकून सेल्फ मारला तरी इंजिन फिरणार नाही. मागचं जाळीचं झाकण काढलं की रोटरच्या टोकाला दोन ॲल्युमिनियमच्या प्लेटा दिसतील. त्यावर सहा डायोड असतात, तीन एका दिशेचे, तीन उलट्या दिशेचे. प्रत्येक डायोडची छोटी शेपटीसारखी वायर एक्साइटरच्या वाइंडिंगला जोडलेली असते. ती सोडवल्याशिवाय मोजू नका, नाहीतर वाइंडिंगमधून मीटर फसवतो. मीटर डायोडवर ठेवा. एका दिशेने ०.४ ते ०.६ आणि उलट दिशेने काहीच नाही, हा चांगला. दोन्हीकडून शून्याजवळ, शॉर्ट. दोन्हीकडून काहीच नाही, ओपन.

तिथेच एक चकतीसारखा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजपासून डायोड वाचवणारा) असेल. तो मीटरवर पूर्ण उघडा दिसायला हवा. तो शॉर्ट झाला तर व्होल्टेज उभंच राहत नाही.

डायोड शॉर्ट असता तर रिकामं असतानाही व्होल्टेज बसलं असतं आणि एक्साइटरमधून घुरघुर ऐकू आली असती. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून माझा संशय ओपनवर आहे.


किनारपट्टी

मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. ५ केव्हीए सिंगल फेज, डिझेल, जुना. त्यात एव्हीआर कुठे दिसत नाही, वर ब्रशची पेटी आहे. रिकामं असताना १९०, दोन पंखे आणि फ्रिज लावला की १६०. खाऱ्या हवेचा परिणाम असू शकतो का? याला हेच सगळं लागू होतं का?


इंजिनघर

किनारपट्टी, तुमच्यात ब्रश आहेत म्हणजे फिरते डायोड नाहीत, ताईंची बॅटरीची परीक्षा जशीच्या तशी करू नका. खारी हवा कारण असूच शकते. इंजिन बंद करून ब्रश काढा. झिजून आखूड झालेत का, स्प्रिंग गंजून ढिली पडलीय का, ब्रश पेटीत अडकून वर तर राहत नाही ना, बघा. स्लिप रिंगवर (ब्रश जिच्यावर घासतात त्या कडीवर) हिरवट थर आला असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसा. जाड एमरी घासू नका. कार्बनची काळी पूड ब्रशने झाडून काढा, ती ओलसर हवेत वीज गळवते. त्या पेटीजवळ ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) असतो, चौकोनी काळा, तोही मोजून घ्या. आणि हर्ट्झ आधी. तेवढं कोणालाच सुटलेलं नाही.


द्राक्षमळा

सापडलं!

एका प्लेटवरच्या तीनपैकी एक डायोड दोन्हीकडून मोकळा. दुसऱ्याची शेपटीची वायर लगपाशी जवळजवळ तुटलेली, दोन-तीन तारांवर लटकत होती आणि टोक काळं पडलं होतं. रिकामं असताना ती कशीबशी जोडलेली राहत असणार. व्हॅरिस्टर चांगला आहे. दुसऱ्या प्लेटवरचे तिन्ही चांगले.

फक्त दोन बदलू की सगळे? आणि हे झालं कशामुळे?


तांब्याची_तार

सहाही बदला, व्हॅरिस्टरसकट. संच एकत्र मिळतो. रिवाइंडिंगच्या खर्चापुढे तो काहीच नाही. जुन्या डायोडचा नंबर, करंट आणि व्होल्टेजचं रेटिंग बघून तसेच किंवा वरचे घ्या. तीन प्लसचे आणि तीन मायनसचे वेगळे असतात, एकाच जातीचे सहा आणू नका. बसवताना तळाला पातळ हीटसिंक पेस्ट लावा, आट्यांना नको. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. हाताने पिळून आवळला तर आतली चकती तडकते आणि चार दिवसांनी परत हेच. शेपटीची वायर ताणून जोडू नका, थोडी सैल ठेवा.

कारण सांगायचं तर तुटलेली वायर बहुतेक कंपनाने गेली. इंजिनाखालचे रबरी माउंट बघा, एखादं बसलं असेल. इंजिन कमी वेगावर जड चालत होतं तेव्हा कंपनही वाढलेलं असणार. एक वायर अशक्त झाली की तिचा करंट बाकीच्यांवर जातो, त्यात तो पहिला डायोड गेला असावा.

आणि उघडलंच आहे तर वाइंडिंगचा मेगर (इन्सुलेशनची चाचणी) घ्या. ५०० व्होल्टचा मेगर. पण त्याआधी एव्हीआर पूर्ण सोडवा आणि रोटरचा मेगर घेताना डायोड शॉर्ट करून ठेवा, नाहीतर नवे डायोड मेगरच मारेल. १ मेगाओहमच्या खाली आलं तर चालवू नका. दमट जागेत पडून राहिलेल्या मशीनला हे होतं. आत दोन बल्ब लावून रात्रभर कोरडं करा आणि परत मोजा.


टाँगटेस्टर

हे सगळं सुरू असताना कॉम्प्रेसरच्या मोटरींकडेही एकदा बघा. मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ३४८ म्हणजे ४१५ च्या ८४ टक्के, टॉर्क उरतो सत्तर टक्के. काम तेवढंच करायचं म्हणून मोटर जास्त ॲम्पिअर ओढते आणि तापते. तुमच्या अंडरव्होल्टेज रिलेने मोटरी वाचवल्या. तो रिले वैताग देतो म्हणून बायपास करणारे मी पाहिलेत. तुम्ही केला नाहीत हे फार बरं झालं. कडकड वाजलेल्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट मात्र उघडून बघा. ते एकमेकांना चिकटायच्या बेतात असतील तर आत्ताच बदला.


द्राक्षमळा

सहाही डायोड आणि व्हॅरिस्टर बदलले. मेगर: मेन स्टेटर आधी १.५ होता, बल्ब लावून कोरडं केल्यावर ११ मेगाओहम. मागच्या बाजूचं एक रबरी माउंट फाटलेलं निघालं, तेही बदललं. जुना एव्हीआर परत लावला. तो चांगलाच होता.

१२.४ व्होल्ट बॅटरीवर आता ४१९, ४२०, ४१९.
एव्हीआर लावून रिकामं ४१५, ५१.९ हर्ट्झ, एक्साइटर ११ व्होल्ट.
दोन्ही कॉम्प्रेसर आणि पंख्यांवर ४१२, ५०.१ हर्ट्झ, ४४ ॲम्पिअर, एक्साइटर २६ व्होल्ट.

५२ चे ४४ ॲम्पिअर झाले ते बघून वायरमननेही दोनदा मोजलं. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही ते ४७ व्होल्टचं गणित मांडलं नसतं तर फिल्टर बदलून आम्ही अल्टरनेटर उतरवलाच होता. हे रिडिंग छापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलंय. आता महिन्यातून एकदा चालवून बघायचं ठरवलंय.


इंजिनघर

महिन्यातून चालवाल तेव्हा रिकामं फिरवू नका. निदान तीसेक टक्के लोड देऊन अर्धा तास तरी चालवा, पाणी आणि तेल नीट तापलं पाहिजे. रिकामं चालवत राहिलात तर न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं आणि ॲटमायझर काजळतात. आणि हंगाम संपल्यावर टाकी भरून ठेवा, अर्धी नको. मोकळ्या जागेतली ओलच थंडीत पाणी होऊन तळाला बसते.


मस्कत_मुक्काम

महिन्याच्या नोंदीत एक्साइटरचे व्होल्टही लिहा. रिकाम्या मशीनला ११ चे १५ झाले की समजा डायोड तपासायची वेळ आली, आउटपुट अजून ४१५ दाखवत असलं तरी.


किनारपट्टी

हर्ट्झ ५१ होते, म्हणजे इंजिन ठीक. एक ब्रश पेटीत गंजाने अडकलेला आणि रिंगवर हिरवा थर. नवे ब्रश, नवी स्प्रिंग, रिंग पुसली. आता रिकामं २३२, फ्रिज-पंख्यांवर २२७. ब्रिज चांगला आहे. इंजिनघर दादा, ब्रशचा नंबर काढून ठेवलाय, दोन जादा आणून ठेवतो.


गच्चीवरून

आमचंही कळवतो. चेंजओव्हरमधला न्यूट्रलचा लग पूर्ण जळाला होता. लायसेन्सवाल्या काँट्रॅक्टरकडून लग, चेंजओव्हर आणि न्यूट्रलची केबल बदलून घेतली. आता दोन्ही विंगमध्ये २३५ ते २३८. फ्लॅटचा लोड काल संध्याकाळी परत सुरू केला.